आरपीएमची पावकी-निमकी!

सिग्नलला एक जुनी कास्ट आयर्न बुलेट उभी आहे. डग, डग, डग... ठोके सुटे सुटे मोजून घ्यावेत इतकी निवांत. हँडलवर मात्र नवाकोरा, निळ्या लाइटचा टॅकोमीटर झळकतोय आणि त्याचा काटा म्हणतोय, पाचशे आरपीएम! पाचशेवर कुठली बुलेट तग धरते हो? केव्हाच बंद पडली असती.

मग खोटं कोण बोलतंय? इंजिन की मीटर? दोघंही खरे! फक्त इंजिनाने म्हटली निमकी आणि मीटरने ऐकला एकाचा पाढा.

आजी-आजोबांच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वाचे पाढे घोकून घ्यायचे, आठवतंय? एका गाडीचा टॅको दुसऱ्या गाडीला लावायचा तर नेमकं तेच गणित कामाला येतं. आणि वाटेत भेटतात एकाहून एक अफलातून गोष्टी. चला, मारा किक!

टॅको आणि टाकसाळ

माहीत आहे का? इंजिनाचे फेरे मोजायची खटपट मोटारसायकलच्या कितीतरी आधीची आहे. इंग्लंडच्या ब्रायन डॉन्किन यांनी १८१० च्या सुमारास यंत्राच्या फिरण्याचा वेग दाखवणारं उपकरण बनवलं आणि त्यासाठी सोसायटी ऑफ आर्ट्सचं सुवर्णपदक मिळवलं. त्यात होता चक्क पारा! पाऱ्याची वाटी गरगर फिरायची, पारा काठाकडे चढायचा, मध्ये खळगा पडायचा आणि नळीतला रंगीत द्रव खाली उतरायचा. जितका खाली, तितका वेग जास्त.

हेच डॉन्किन १८१३ मध्ये लंडनच्या बर्मंडसी भागात पत्र्याच्या डब्यात अन्न टिकवणाऱ्या कारखान्याचे भागीदार झाले. म्हणजे तुमच्या फडताळातला टिनचा डबा आणि तुमच्या हँडलवरचा टॅको, दोघांच्या वंशावळीत एकच पूर्वज!

थांबा, आणखी एक. जर्मनीच्या डीट्रिश उलहॉर्न यांनी १८१७ मध्ये यंत्राचा वेग मोजणारा टॅकोमीटर काढला. आणि त्याच साली नाणी पाडायचा नवा प्रेसही. एकाच डोक्यातून टॅको आणि टाकसाळ!

काटा ढकलतो कोण?

कोणीच नाही! केबलवाल्या मीटरमध्ये केबलच्या टोकाला एक चुंबक फिरतं. त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची छोटी वाटी असते, चुंबकाला जराही न टेकलेली. चुंबक फिरलं की वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. केसाएवढी स्प्रिंग तिला मागे खेचते. या रस्सीखेचीत काटा जिथे स्थिरावतो, तो तुमचा आरपीएम. ओटो शुल्झे यांनी या तत्त्वावरच्या मीटरचं पेटंट १९०२ मध्ये घेतलं. सव्वाशे वर्षं होत आली, तरी गाडी चालू केली की कितीतरी मीटर अजून याच तत्त्वावर हलतात.

यातली मेख बघा. या मीटरला इंजिन माहीतच नाही. त्याला फक्त केबल कळते. केबल किती वेगाने फिरली की किती आकडा दाखवायचा, हे कारखान्यात कायमचं ठरलेलं. दुसऱ्या इंजिनाची केबल वेगळ्या गतीने फिरली की झाला घोटाळा.

ब्रिटिश ट्विन घ्या. ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टनच्या गाड्या आजही पुण्या-मुंबईच्या विंटेज रॅलीत धडधडत येतात. फोर-स्ट्रोक इंजिनाचा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो. तिथून थेट केबल घेतली तर गुणोत्तर २:१. ही निमकी. मध्ये अर्ध्या गतीची छोटी गिअरपेटी आली तर ४:१. ही पावकी. स्मिथ्स कंपनीचे मीटर दोन्ही प्रकारांत निघाले आणि बाहेरून दिसायला जुळे भाऊ!

आता पावकीच्या इंजिनाला निमकीचा मीटर लावला. इंजिन ४००० आरपीएमवर, केबल १००० वर. मीटर म्हणतो, ‘मला निमकी शिकवली आहे, म्हणजे इंजिन २०००.’ बरोबर निम्मं! तुम्ही आणखी पिळता, काटा रेंगाळतोय म्हणून आणखी पिळता, आणि तिकडे व्हॉल्व्ह टाहो फोडतात. हा घोळ गमतीचा वाटला तरी इंजिनाच्या जिवावर उठणारा आहे. उलटी चूक परवडली, कारण मीटर दुप्पट दाखवत असेल तर माणूस निदान घाबरून हळू तरी चालवतो.

गुणोत्तर कुठे लिहिलंय? बऱ्याच जुन्या डायलवर खालच्या बाजूला बारीक अक्षरांत कोड आणि त्याच्या शेजारी २:१ किंवा ४:१ छापलेलं असतं. जुन्या बाजारात मीटर हातात घेतलात की आधी खिशातून भिंग काढा, पाकीट नंतर.

डायल पुसट झालीय? मग इंजिनालाच विचारा! स्पार्क प्लग काढा, म्हणजे इंजिन हलकं फिरेल. गाडी मेन स्टँडवर, टॉप गिअरमध्ये. मीटरकडचं केबलचं टोक सोडवून वर धरा. आतल्या तारेच्या चौकोनी टोकाला चिकटपट्टीचा इवलासा झेंडा लावा. आता मागचं चाक हाताने सावकाश फिरवा. एक जण क्रँकच्या नटवरची खूण बघतोय, दुसरा झेंडा मोजतोय. क्रँकचे वीस फेरे झाले आणि झेंडा पाच वेळा फिरला? पावकी! दहा वेळा? निमकी! साडेसहा-सातच्या मध्ये कुठेतरी? मग २:१ किंवा ४:१ च्या डोनर, म्हणजे दुसऱ्या गाडीवरून काढलेल्या, मीटरच्या नादी लागू नका, कारण ते गणित गिअरपेटी बदलल्याशिवाय जुळायचं नाही.

झेंडा मोजताना आणखी एक बघून घ्या: तो घड्याळाच्या दिशेने फिरतोय की उलट? माहीत आहे का, सगळ्या गाड्यांच्या टॅकोकेबल एकाच दिशेने फिरत नाहीत! उलट्या दिशेच्या केबलला चुंबकी मीटर जोडला तर काटा शून्याच्या खिळ्याला पाठ टेकून बसतो. लोक मीटर मेला समजून फेकून देतात. बिचारा मागे पळायला बघत असतो.

धक्के देणारा काटा

जुन्या ब्रिटिश गाडीचा टॅको बघितलाय? काटा सरकत नाही, टप्प्याटप्प्याने उड्या मारतो. टक, टक, टक. नवखा मेकॅनिक म्हणेल, ‘खराब झालाय, बदलून टाका.’ खबरदार! तो क्रोनोमेट्रिक मीटर आहे. आत घड्याळाची यंत्रणा असते, ती ठरावीक क्षणभर फेरे मोजते, निकाल काट्यावर लावते आणि पुन्हा मोजायला लागते. उड्या मारणं हीच त्याची तब्येत ठीक असल्याची खूण. १९६० च्या दशकात स्वस्त चुंबकी मीटर आले आणि ही घड्याळं मागे पडली. आज तुमच्याकडे चालू क्रोनोमेट्रिक असेल तर भंगारवाल्याला त्याचा फोटोसुद्धा दाखवू नका.

चुंबकी मीटरचा काटा थरथरतोय मात्र? मग संशयित पहिला, केबल. ती कुठे तीव्र वळलीय का, सुकलीय का, हँडल पूर्ण वळवल्यावर ताणली जातेय का, हे बघा. तेलपाणी करा, पण अति नको! फिरणारी पिळाची तार स्क्रूसारखं काम करते आणि ग्रीस हळूहळू वर चढवते. थेट मीटरच्या पोटात! मग काचेच्या आत तेलाचे ओघळ आणि चिकटलेला काटा. मीटरकडचा शेवटचा वीतभर भाग कोरडाच ठेवा. ही वीत पाळली तर मीटर वर्षानुवर्षं स्वच्छ राहतो.

ब्रेक के बाद: रेकॉर्डब्रेक!

माहीत आहे का? १९६६ मध्ये लुईजी तावेरी यांनी १२५ सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं ते होंडाच्या आरसी १४९ वर. १२५ सीसीत पाच सिलिंडर! म्हणजे एकेक सिलिंडर २५ सीसीचा. आणि इंजिन फिरायचं २०,५०० आरपीएमपर्यंत!

रस्त्यावरची गाडी हवी? होंडाची १९९० ची सीबीआर २५० आरआर. चार सिलिंडर, रेडलाइन १९,०००. आपल्या शंभर सीसीच्या कम्यूटरचा टॅको तिला लावला असता तर काट्याने डायलला दुसरी प्रदक्षिणा घातली असती.

आणि काटा हरला तो इथे: लेक्ससची एलएफए कार. तिचं व्ही-१० इंजिन स्लोवरून ९००० ला ०.६ सेकंदात पोचायचं. खऱ्या काट्याला ती झेप झेपेना, म्हणून कंपनीने स्क्रीनवरचा डिजिटल काटा बसवला.

सुझुकीच्या १९७४ च्या आरई-५ या रोटरी इंजिनाच्या मोटारसायकलवर मीटर होते एका आडव्या नळकांड्यात. किल्ली फिरवली की झाकण टप्पकन उघडायचं! डिझाइन जॉर्जेतो जुजारो यांचं.

छोट्या विमानांत तर टॅकोवर तास मोजतात. इंजिन किती तास चाललं, देखभालीची वेळ कधी झाली, हे पायलट टॅकोवरून वाचतो. आपण किलोमीटरवर ऑइल बदलतो, तो टॅकोच्या तासांवर!

ठिणग्या मोजणारे मीटर

आता येऊ या आजच्या काळात. पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेत शे-दोनशे दुकानं फिरलात तर जे ‘युनिव्हर्सल’ टॅको दिसतात, त्यांना केबल नाही. ते मोजतात ठिणग्या. आणि खरी गंमत इथेच आहे, कारण प्रत्येक इंजिनाची ठिणग्या पाडायची रीत वेगळी.

जुन्या बुलेटचा कॉन्टॅक्ट पॉइंट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो. दोन फेऱ्यांत एक ठिणगी. एका फेरीला अर्धा पल्स.

माहीत आहे का? फ्लायव्हीलवरून सिग्नल घेणाऱ्या सीडीआयवाल्या (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या) साध्या कम्यूटरमध्ये प्लग प्रत्येक फेरीला पेटतो! एक ठिणगी पेट्रोल जाळते, दुसरी धूर बाहेर पडत असताना फुकट जाते. कॅमशाफ्टवर वेगळा सेन्सर लावायचा खर्च वाचतो, ठिणगी वाया गेली तर जाऊ दे! म्हणजे एका फेरीला एक पल्स.

यामाहाची आरएक्स १०० टू-स्ट्रोक, म्हणून तिलाही एका फेरीला एक. आरडी ३५० ला दोन सिलिंडर आणि दोन कॉइल, पण तुम्ही वायर एकाच कॉइलला जोडणार. पुन्हा एक! आणि १९६९ ची ती प्रसिद्ध चार सिलिंडरची होंडा सीबी ७५०? दोन कॉइल, प्रत्येक कॉइल दोन प्लग एकदम पेटवते, एका फेरीला एकदा. परत एकच! शंभर सीसीची कम्यूटर आणि चार सिलिंडरची दादा गाडी, दोघींचं सेटिंग सारखं. आहे की नाही कमाल?

घोळ होतो तो कारचा टॅको बाइकला लावला की. कारच्या मीटरमागे ४, ६, ८ असं बटण असतं. ४ वर ठेवलं तर मीटर एका फेरीला दोन पल्सची वाट बघतो. कम्यूटरने दिला एक, काटा दाखवतो निम्मं. जुन्या बुलेटने दिला अर्धा, काटा दाखवतो पाव. पुन्हा आली पावकी! हजारावर स्लो असलेल्या बुलेटला असा मीटर २५० दाखवणार. म्हणून घेतानाच बघा, मीटरमागे ०.५, १, २ असं पल्सचं सेटिंग आहे ना. नसेल तर दुकानदाराला हसून नमस्कार करा आणि पुढच्या दुकानात शिरा.

चाकणच्या कारखान्यातली पल्सर आठवा. २००३ मध्ये डीटीएस-आय आली, एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. २०१२ च्या २०० एनएसमध्ये तीन! मग मीटर तिप्पट दाखवणार का? मुळीच नाही. तुम्ही वायर एकाच कॉइलकडून घेता, आणि त्या कॉइलला शेजारच्या प्लगांशी काही देणंघेणं नसतं.

आणि सगळ्यात भारी कोडं: एनफिल्डची टॉरस. ३२५ सीसीची, साडेसहा हॉर्सपॉवरची डिझेल बुलेट! मायलेजसाठी तिच्यावर जीव ओवाळणारी माणसं आजही भेटतील. तिला ठिणग्या मोजणारा टॅको लावा बघू! जमणारच नाही, डिझेलला स्पार्क प्लगच नसतो. तिथे फ्लायव्हीलशेजारी चुंबकी सेन्सर बसवून फेरे मोजावे लागतात.

वायर कुठे, वाट कुठे

पहिला नियम: वायरच्या रंगावर विश्वास ठेवू नका. लाल म्हणजे प्लस आणि काळी म्हणजे अर्थ असं बहुतेक वेळा असतं, पण स्वस्त मीटरमध्ये बल्बची आणि सिग्नलची वायर अशी काही अदलाबदल करून येते की डोकं गरगरेल. सोबतचा कागद वाचा, मल्टिमीटर लावा, मगच टेप गुंडाळा.

मीटरला वीज द्यायची ती बॅटरीची, किल्लीनंतरच्या लाइनवरून, मध्ये छोटा फ्यूज टाकून. बऱ्याच छोट्या गाड्यांचा हेडलाइट थेट मॅग्नेटोच्या एसीवर चालतो. त्याच्यावर मीटर जोडलात तर तो स्लोवर मिणमिणेल आणि पिळल्यावर पिसाळेल.

सिग्नल मात्र नाजूक मामला. कॉइलच्या प्राथमिक बाजूला १२ व्होल्ट दिसतात म्हणून गाफील राहू नका. ठिणगीच्या क्षणी तिथे शेकडो व्होल्टचा झटका उसळतो! सीडीआयचा झटका आणि पॉइंटवाल्या कॉइलचा झटका यांची जात वेगळी. एकासाठी बनवलेला मीटर दुसऱ्यावर गप्प बसतो किंवा जळतो. बऱ्याच मीटरना सिग्नलच्या वायरमध्ये दहा किलोओहमच्या आसपासचा रेझिस्टर टाकला की ते शहाण्यासारखे वागतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हा रेझिस्टर चहापेक्षा स्वस्त मिळतो.

वायर न कापता काम करायचंय? त्याचीही युक्ती आहे! सिग्नलची इन्सुलेटेड वायर प्लगच्या जाड केबलभोवती चार-पाच वेढे गुंडाळा. थेट स्पर्श नाही, तरी प्रत्येक ठिणगीची चाहूल मीटरला लागते. वेढे कमी पडले तर काटा झोपतो, जास्त झाले तर एकेका ठिणगीला दोन-दोनदा मोजतो. एकेक वेढा वाढवत-कमी करत बघायचं, काटा सुतासारखा सरळ आला की थांबायचं.

माहीत आहे का? तुमच्या प्लगच्या नंबरातलं एक अक्षर टॅकोला वेड लावू शकतं! एनजीकेच्या बीपीआर६ईएस या नंबरातला ‘आर’ सांगतो की आत रेझिस्टर आहे. तो ठिणगीचा गोंगाट दाबतो. तो ‘आर’ नसलेला प्लग, साधी कॅप आणि संवेदनशील डिजिटल मीटर, हे त्रिकूट जमलं की आकडे २००० वरून ९००० वर आणि परत, माकडासारखे! वायरिंग उसकटायच्या आधी प्लगचा नंबर वाचा.

काटा काय सांगतो?

आकडा नेमका दुप्पट, निम्मा किंवा पाव? मग वायरिंगला हात लावू नका. पाढा चुकलाय, सेटिंग बदला. ही या सगळ्या खटाटोपातली सोन्यासारखी गोष्ट. चूक जर गुणोत्तरात असेल तर दोष जोडीचा. चूक जर वेडीवाकडी असेल तर दोष वायरचा.

इंडिकेटर लावला की काटा तालात डुलतोय? टिक-टॉक, टिक-टॉक? अर्थिंग! मीटरची काळी वायर रंगावर किंवा गंजावर बसलीय. तिथली जागा घासून पत्रा चमकवा किंवा वायर थेट बॅटरीच्या मायनसला न्या. बघा डुलणं कसं थांबतं.

स्लोवर बरोबर, पण वर गेलं की काटा अडखळून खाली येतो? सिग्नल कमजोर पडतोय.

किल्ली फिरवली की काटा एकदा टोकापर्यंत जाऊन सलामी देऊन येतो? घाबरू नका, तो बिघाड नाही. नव्या मीटरमधली स्टेपर मोटर आपली जागा तपासते.

बीएस-६ जमान्यातल्या अनेक गाड्यांत मीटर इंजिनाच्या कॉम्प्युटरशी डेटाच्या तारांवरून बोलतो. तिथे कटर घेऊन घुसू नका. एक चुकीचा जोड आणि चेक लाइट कायमचा पाहुणा!

ट्यूबलाइटची जादू आणि हार्मोनियमची साथ

मीटर बसला. पण तो खरं बोलतोय हे ठरवणार कोण? माहीत आहे का, उत्तर तुमच्या घरातल्या जुन्या ट्यूबलाइटमध्ये आहे!

आपली वीज ५० हर्ट्झची. तांब्याच्या चोकवाली जुनी पट्टी सेकंदाला १०० वेळा उजळते-मावळते. आरएक्स १०० सारख्या गाडीचं मॅग्नेटोचं कव्हर काढा, फ्लायव्हीलवर खडूची एकच ठळक रेघ मारा आणि संध्याकाळी फक्त ट्यूबलाइटच्या उजेडात इंजिन चालू करा. बरोबर १५०० आरपीएमला त्या एका रेघेच्या चार रेघा दिसतील, चारी दिशांना, जागच्या जागी गोठलेल्या! हळूच पिळा. २००० ला तीन रेघा. ३००० ला दोन. काटा याच आकड्यांवर आहे का बघा. फुकटात तीन ठिकाणी तपासणी! रेघा सावकाश फिरताना दिसल्या तर आकडा थोडा इकडेतिकडे आहे, एवढंच.

पण सावधान! गोठलेलं दिसणारं चाक खरं तर जिवाच्या आकांताने फिरतंय. बोट, ओढणी, सैल बाही, काहीही जवळ नेऊ नका. ट्यूबलाइटखाली फिरणारा लेथ थांबल्यासारखा दिसतो आणि हात जातो, हा वर्कशॉपमधला जुना, खरा धोका आहे. एलईडी आणि इलेक्ट्रॉनिक चोकच्या पट्ट्यांवर ही जादू भरवशाची नाही. तिथे लेझरचा हातातला टॅको आणा. फ्लायव्हीलवर चमकती पट्टी चिकटवा, किरण मारा, आकडा वाचा.

आता कानाची परीक्षा! बुलेट स्लोवर डग-डग करते आणि हायवेवर एकसंध घुमते, असं का? माणसाचा कान साधारण २० हर्ट्झच्या खालचे ठोके सुटे सुटे ऐकतो आणि त्याच्या वर सूर म्हणून. एक सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन १००० आरपीएमला सेकंदाला जेमतेम आठ-साडेआठ ठोके देतं. २४०० ला बरोबर २० ठोके. म्हणजे २४०० च्या आसपास ठोक्यांचा सूर होऊ लागतो. टॅको ५००० दाखवतोय आणि ठोके अजून मोजता येतायत? मीटर दुप्पट बोलतोय!

आणि आरएक्स १०० चं काय? तिची पूर्ण ताकद, ११ बीएचपी, ७५०० आरपीएमला. टू-स्ट्रोक असल्याने सेकंदाला १२५ स्फोट. घरात हार्मोनियम आहे? खालच्या सप्तकातली पांढरी सात दाबा, साधारण १२३ हर्ट्झ. आरएक्स तिच्यापेक्षा केसभर चढी गाते! ज्यांचा कान तयार आहे त्यांना टॅकोची गरज काय?

लाल रेघ कुणाची?

डोनर डायलवरची लाल रेघ ही त्या गाडीची, तुमच्या गाडीची नव्हे. हे विसरलं की इंजिन जातं. १२,००० पर्यंतचा टॅको बुलेटला लावला तर अर्धी डायल जन्मभर रिकामी आणि तिच्यावरची लाल रेघ भलत्याच उंचीवर. तुमच्या गाडीच्या माहितीपुस्तकातला कमाल आकडा बघा आणि काचेवर लाल पट्टी चिकटवा. एक सेंटिमीटर पट्टी पुरे.

रेसर लोकांची युक्ती बघा: ते मीटर तिरका फिरवून बसवतात, म्हणजे लाल रेघ बरोबर बारा वाजता येते. आकडे वाकडे दिसले तरी चालतात. काटा उभा झाला की गिअर टाका, वाचायची गरजच नाही! कॅफे रेसर बनवणाऱ्यांनो, हे जरूर करून बघा, दिसतंही झकास.

आणि कंपनीने बसवलेला टॅको तरी नेहमी खरा असतो का? २००६ ची यामाहा आर-६. डायलवर रेडलाइन १७,५००, जाहिरातीतही तोच डंका. मग लोकांनी मोजून पाहिलं, आणि कंपनीने मान्य केलं की खरी मर्यादा त्याहून हजाराहून जास्त आरपीएमने खाली आहे. नाराज ग्राहकांच्या गाड्या परत विकत घ्यायची तयारीही दाखवली! चूक कबूल करून पैसे परत द्यायला निघालेली कंपनी, याला मी पूर्ण मार्क देतो.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. टॅको लावायला जागा नाही म्हणून स्पीडोमीटर काढून टाकणारे महाभाग असतात. तसं करू नका. आपल्या नियमांत स्पीडोमीटर बंधनकारक आहे, टॅको हौसेचा. दुसऱ्या गाडीचा अख्खा मीटरसंचच चढवला असेल तर जुन्या ओडोमीटरचे किलोमीटर लिहून ठेवा आणि गाडी विकताना घेणाऱ्याला स्पष्ट सांगा. कमी किलोमीटर दाखवून गाडी खपवणं ही उघड फसवणूक आहे.

आणि ही सगळी तपासणी बंद गॅरेजमध्ये मुळीच करू नका. इंजिन मिनिटन्‌मिनिटं चालू ठेवावं लागतं आणि धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दार सताड उघडं ठेवा, किंवा त्याहून उत्तम, गाडी अंगणात काढा, ट्यूबलाइट वायरीला लटकवून बाहेर आणा, आणि मग मोजा रेघा!